मूल स्वतः हलते तेव्हा : बाल-फिजिओथेरपीची प्रस्तावना

मोठ्या माणसाला पक्षाघात झाला की फिजिओथेरपिस्ट त्याची हरवलेली चाल परत आणायला मदत करतो. ती चाल त्या माणसाच्या ओळखीची असते. पन्नास-साठ वर्षे तो चाललेला असतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत अडचण असलेल्या दीड वर्षाच्या मुलीपाशी अशी ओळख नसते, कारण ती कधी चाललेलीच नाही. तिला जे मिळवायचे ते पहिल्यांदा मिळवायचे आहे, आणि तेही दर महिन्याला उंची, वजन आणि बांधा बदलणाऱ्या शरीरानिशी. बाल-फिजिओथेरपी हे स्वतंत्र शास्त्र होते ते या ठिकाणी. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, इंटर्न, बालरोगतज्ज्ञ, अंगणवाडीच्या ताई आणि आपल्या मुलाचा हात धरून आमच्या दारात येणारे आई-वडील, अशा सगळ्यांना मी या विषयात मनापासून बोलावतो आहे. आत शिरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजावी एवढीच इच्छा आहे: मूल स्वतः जी हालचाल करते तीच ते शिकते. आपण त्याच्याकडून करवून घेतलेली हालचाल आपल्या समाधानाची असते.

हे म्हणायला सोपे असले तरी शास्त्राला तिथवर पोहोचायला बराच काळ लागला. नवजात बाळाला काखेत धरून उभे केले आणि तळवे टेबलाला टेकवले की ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते. दोनेक महिन्यांत हे दिसेनासे होते आणि वर्षाच्या आसपास चालणे सुरू होताना पुन्हा प्रकटते. मधल्या काळात ती हालचाल जाते कुठे? येल विद्यापीठातील आर्नोल्ड गेसेल आणि न्यूयॉर्कच्या मर्टल मॅक्ग्रॉ यांच्या काळापासून रुळलेले उत्तर असे होते, की मेंदू ठरलेल्या क्रमाने पिकत जातो, त्याचे वरचे थर जागे होताना खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया दबतात, आणि पुढे तीच हालचाल ताब्यात घेऊन मूल चालू लागते. या उत्तरात फिजिओथेरपिस्टला फारसे काम उरत नाही. मेंदू पिकण्याची वाट पाहायची, एवढेच.

अमेरिकेतील संशोधक एस्थर थेलन यांना यात एक विसंगती दिसली. उभे धरल्यावर पाऊल न टाकणारे तेच बाळ उताणे निजवले की पाय झाडते, आणि त्या पाय झाडण्याचा नमुना पावले टाकण्याशी हुबेहूब जुळतो. म्हणजे मेंदूतली आज्ञा कुठे गेलेली नाही. मग बदलले काय? या आठवड्यांत बाळाच्या पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंची ताकद मात्र त्या वेगाने वाढत नाही. १९८४ मध्ये थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. पावले टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजने बांधली तेव्हा पावले कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात बाळांना छातीपर्यंत पाण्यात उभे धरले, पाण्याने पायांचा भार पेलला आणि पावले वाढली. हालचाल एकट्या मेंदूच्या हुकमाने होत नाही. पायाचे वजन, स्नायूंचे बळ, खालची जमीन, समोरचे आकर्षण आणि बाळाची त्या क्षणीची मर्जी या सगळ्यांतून ती घडते. यांतले एक बदलले तरी हालचाल बदलते.

आमच्या व्यवसायाला इतकी मोठी देणगी दुसऱ्या कुणी दिली असेल असे मला वाटत नाही. मेंदूला झालेली इजा आपल्याला भरून काढता येत नाही. पण बाळाच्या भोवतीची परिस्थिती बदलता येते, आणि ती बदलणे हीच तर आमची विद्या आहे.

या विचारातूनच पुढे डाउन सिंड्रोमच्या बाळांवरचा एक प्रयोग झाला, त्यावर मी थोडा रेंगाळतो. ही मुले सैल अंगाची असतात आणि साधारण दोन वर्षांच्या सुमारास चालू लागतात. डेल उलरिच आणि सहकाऱ्यांनी काही कुटुंबांच्या घरी एक छोटा ट्रेडमिल नेऊन ठेवला. अर्धा मिनिट बिनआधार बसता येऊ लागलेल्या बाळाला आई किंवा वडील त्या सरकत्या पट्ट्यावर हातांनी धरून उभे करत. रोज आठ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. पट्टा पाय मागे ओढी आणि बाळ आपसूक पाऊल पुढे टाकी. त्यांची तुलना झाली ती फक्त नेहमीची फिजिओथेरपी मिळणाऱ्या मुलांशी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ट्रेडमिलवरची मुले सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालू लागली. माझे विद्यार्थी या १०१ आकड्यावर खूश होतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते: हा उपचार घरात झाला, आई-वडिलांच्या हातून झाला, दिवसाची आठ मिनिटे झाला, आणि पावले मात्र बाळाने स्वतःच्या पायांनी टाकली. आपल्याकडे घरोघरी ट्रेडमिल नेण्याची गरज नाही. हे तत्त्व नेले तरी पुष्कळ आहे.

सरावाचा आकडा किती मोठा असतो, हे न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अॅडॉल्फ यांनी मोजून दाखवले. १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळत असताना त्यांची पावले मोजली, तर ती तासाला सरासरी २,३६८ भरली. आणि पडणे? तासाला १७ वेळा. हे अगदी निरोगी, व्यवस्थित वाढणाऱ्या मुलांचे आकडे आहेत. आता आपल्या ओपीडीचा विचार करा. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, त्यातली दहा मिनिटे मूल रडते, पाच मिनिटे आईशी बोलण्यात जातात. उरलेल्या वेळात कितीही कुशल हातांनी केले तरी या सरावाच्या पासंगालाही आपण पुरत नाही. म्हणून जो थेरपिस्ट फक्त टेबलावरच्या अर्ध्या तासाचा हिशेब ठेवतो, त्याचे काम अर्धवट राहते. मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडला पाहिजे. सकाळी उठल्यापासून ते कुणाच्या कडेवर असते, किती वेळ झोळीत असते, जेवताना कुठे बसवतात, खेळणी हाताशी ठेवतात की थोडी लांब, मोठा भाऊ त्याच्याशी जमिनीवर खेळतो का, हे सगळे केसपेपरवर यायला हवे.

आपल्या घरांनी या बाबतीत काही चांगले जपले आहे, ते विद्यार्थ्यांनी डोळसपणे पाहावे. बाळंतिणीच्या घरी तेल-मालिश करणारी बाई बाळाला पायांवर पालथे घेते, तेव्हा ते मान उचलायचा प्रयत्न करते. १९९०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम झाली. झोपेतले अचानक मृत्यू त्यामुळे खूप घटले आणि झोपताना बाळ उताणेच असावे हे आजही योग्य आहे. पण जागेपणीही बाळे पालथी पडेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांना दिवसा मुद्दाम पोटावर ठेवा असे सांगावे लागले. आपली मालिश ते काम थोडेफार करतेच. तरी तिच्यातही निवड हवी. पाय ताणून डोक्याला लावणे, हात-पाय जोराने ओढणे, बाळाला उलटे धरणे, हे कुणी करत असेल तर थांबवायला सांगा. कमी दिवसांच्या किंवा ठिसूळ हाडांच्या बाळाला त्याने इजा होऊ शकते.

पांगुळगाडाही असाच जपण्यासारखा. लाकडी गाड्याला धरून मूल उभे राहते, स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर घेते, गाडा पुढे सरकला की पाऊल टाकते, आदळते, पुन्हा उठते. बाजारातल्या चाकांच्या वॉकरमध्ये मात्र मूल पट्ट्यावर लोंबकळत बोटांच्या टोकांनी जमीन ढकलते. त्यात तोल सांभाळावा लागत नाही, आपले पायही दिसत नाहीत. जिन्यावरून गडगडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. ज्या घरात असा वॉकर भेट म्हणून आला आहे, तिथे तो माळ्यावर ठेवायला सांगताना मला कधीही संकोच वाटलेला नाही.

संगोपनाच्या रीतीने हालचालीचे वेळापत्रक सरकते, हे जगभर दिसून आले आहे. जमैकातल्या आया बाळांचे हात-पाय ताणतात, बसायला-चालायला मुद्दाम शिकवतात, आणि ही मुले लवकर बसतात-चालतात. ताजिकिस्तानात गहवोरा नावाच्या पाळण्यात बाळे दिवसाचे कित्येक तास बांधलेली असतात, ती उशिरा चालतात, पण शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. म्हणून अमुक महिन्यात अमुक झालेच पाहिजे, अशी एकच रेघ ओढणे चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जी मर्यादा दिली, ती किती रुंद आहे पाहा. बिनआधार बसणे ३.८ ते ९.२ महिने. गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५ महिने. एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. आणि या निरोगी मुलांतली ४.३ टक्के गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. शेजारचे दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या बाराव्या महिन्यातल्या मुलाचे पाय तपासायला घेऊन येणाऱ्या आजीला हे आकडे सांगा, तिला खरा दिलासा मिळेल. भारतीय बाळांसाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी तयार केलेली ‘डीएएसआयआय’ ही विकासमापन पद्धत आणि तिरुवनंतपुरमचा छोटा तपासणी तक्ता हीदेखील तुमच्या नेहमीच्या वापरातली साधने होतील.

मात्र दिलासा देण्याची सवय जडली की ती मुलाच्या जिवावर येते. ‘याचे वडीलही उशिराच चालले होते’, ‘मुलगे जरा आळशीच असतात’, ‘उन्हाळ्यात अंग धरेल’, ही वाक्ये मी जितकी नातेवाइकांकडून ऐकली, तितकीच दुर्दैवाने डॉक्टरांकडूनही. चार महिने झाले आणि मान धरली नाही, नऊ महिने झाले आणि बसत नाही, अठरा महिने झाले आणि चालत नाही, तर वाट पाहायची नाही. वर्षाच्या आत मूल एकाच हाताने सगळे घेत असेल, तर ते ‘डावरे’ किंवा ‘उजवे’ निघाले म्हणून कौतुक करू नका, दुसरा हात तपासा. मुठी सतत आवळलेल्या, पाय कात्रीसारखे एकमेकांवर, किंवा अंग कापडासारखे लुळे असेल तर त्याच आठवड्यात पाठवा. जे येत होते ते मूल गमावू लागले, तर त्याच दिवशी. एक खूणगाठ अशी बांधा, की ‘पेटीत ठेवले होते’ असे आई म्हणाली तर बाळ किती आठवड्यांचे जन्मले ते आधी विचारायचे आणि वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. दोन महिने आधी जन्मलेले आठ महिन्यांचे बाळ तुमच्या लेखी सहा महिन्यांचे आहे.

लवकर ओळखण्याचे शास्त्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत खूप पुढे गेले. हाइन्झ प्रेख्टल यांनी बाळाकडे नुसते बघण्याची एक पद्धत घडवली. ठरलेल्या तारखेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यांत जागे, शांत पडलेले निरोगी बाळ मान, धड, हात-पाय यांच्या बारीक, लयदार हालचाली सतत करते. त्या नसतील तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता बरीच वाढते. हातात हातोडी नको, बाळाला हात लावायला नको, एक साधा व्हिडिओ पुरतो. याला चेतातपासणी आणि एमआरआयची जोड दिली, तर आज पाच महिन्यांच्या आत बरेचसे निदान होऊ शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात आनंद पंडित, सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा १९८७ पासून ती तरुण होईपर्यंत माग ठेवला. एनआयसीयूतून घरी गेलेल्या बाळाकडे डॉक्टरांचे काम संपत नाही, हे महाराष्ट्रात त्या अभ्यासाने ठळक केले. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरहून झाली. अंगणवाडी आणि शाळेतल्या तपासणीत सापडलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पोहोचावे, अशी त्याची रचना आहे.

आपला व्यवसाय मुंबईत रुजला तो पोलिओमुळे. फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी धडपडताना त्यांनी इतर मुलांसाठी १९४७ साली मुंबईत उपचारकेंद्र सुरू केले. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेच्या स्थापनेमागेही त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली फिजिओथेरपीची शाळा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची. पोलिओत मेंदू शाबूत असतो, ठरावीक स्नायू दुबळे पडतात. त्यामुळे एकेक स्नायू तपासायचा, त्याला व्यायाम द्यायचा, कॅलिपर लावायचा, ही शिस्त त्या पिढीने आम्हाला दिली. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११चा. सेरेब्रल पाल्सीची मुले मोठ्या संख्येने समोर आली तेव्हा ही शिस्त अपुरी ठरली, कारण इथे मूळ अडचण स्नायूत नसून त्याला चालवणाऱ्या मेंदूत आहे. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तिच्या मागेही मुलीसाठी झगडणारी आईच होती.

त्या काळात लंडनच्या बर्टा आणि कारेल बोबाथ यांच्या पद्धतीचा प्रभाव जगभर होता. मुलाचे धड, खांदे, खुबे विशिष्ट प्रकारे धरून ताठर स्नायू सैल करायचे आणि ‘योग्य’ हालचालीचा अनुभव द्यायचा. आमच्यातल्या अनेकांचे हात या पद्धतीने घडले, मुलाला सुरक्षित आणि हळुवारपणे धरायला तिने शिकवले, त्याचे ऋण आहे. पण थेरपिस्टच्या हातांनी घडवलेली हालचाल मुलाच्या रोजच्या जगण्यात उतरते, याला पुरावा मिळाला नाही. आयोना नोव्हॅक आणि सहकाऱ्यांनी २०१३ आणि २०२० मध्ये केलेल्या आढाव्यांतून चित्र स्पष्ट आहे. ज्या कामाचा सराव हवा ते कामच, मुलाने स्वतः, घराच्या खऱ्या परिस्थितीत, पुष्कळदा करणे, हे परिणामकारक ठरते. एका बाजूचा हात दुबळा असलेल्या मुलाच्या चांगल्या हाताला काही आठवडे मोजा घालून दुबळ्या हाताकडून खेळवून घेणे, किंवा दोन्ही हात लागतील असे खेळ देणे, या उपचारांना भक्कम आधार आहे. चेंडू झेलणे, शेंगा सोलणे, सागरगोटे. उपकरणांचा कॅटलॉग मागवण्याआधी घरात काय आहे ते बघा.

काही ठिकाणी न करणे हाच उपचार असतो. वारंवार पडणारा, जिना चढताना थकणारा, पोटऱ्या भरलेल्या दिसणारा पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येत असेल, तर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये वर्णन केलेली ती खूण ओळखा. त्याला उठाबशा काढायला लावू नका. हा स्नायूंचा अपक्षय असू शकतो, दमवणाऱ्या व्यायामाने स्नायू आणखी झिजतात. आधी रक्ततपासणीला पाठवा. तसेच सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एकतृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू सांध्याबाहेर सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. स्वीडनच्या दक्षिण भागात १९९४ पासून अशा मुलांच्या खुब्यांचे ठरल्या वेळी एक्स-रे काढू लागले आणि खुबा निखळण्याचे प्रमाण फार घटले. माझ्या मते आपल्याकडे याहून निकडीची सुधारणा दुसरी नाही. एक्स-रे तालुक्यालाही निघतो, लागतो तो वेळेवर आठवण करून देणारा माणूस.

‘आमचे मूल चालेल का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता यायला हवे. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातील गटाने १९९७ साली हालचालीच्या क्षमतेचे पाच स्तर मांडले. पहिल्या स्तरातले मूल पळते, पाचव्या स्तरातल्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. दोन वर्षांनंतर बहुतेक मुलांचा स्तर फारसा बदलत नाही. हे जाणून घेतल्याने आशा मरते असे मला वाटत नाही. उलट पाचव्या स्तरातल्या मुलीला रोज तासभर बळेच उभे करण्यात गेलेली वर्षे वाचतात, तिला नीट बसवणारी खुर्ची, न गुदमरता गिळायची पद्धत आणि शाळेत पोहोचवणारे वाहन यांच्याकडे लक्ष जाते. पीटर रोझेनबाम आणि यान विलेम गॉर्टर यांनी २०१२ मध्ये सुचवले, की मुलाचे काम, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि भविष्य हे सहा विषय उपचाराच्या केंद्रस्थानी असावेत. मूल वेडेवाकडे चालून मैदानावर पोहोचले आणि लंगडी खेळणाऱ्यांचे गुण मोजायला बसले, तर तो उपचाराचा निकाल चांगलाच आहे. चाल सरळ करण्याच्या हट्टापायी त्याची संध्याकाळ हिरावून घेऊ नका. आणि आईला अर्धवेळ थेरपिस्ट बनवू नका. घरी करायच्या चौदा व्यायामांची यादी दिली की ती करते किंवा करू शकत नाही म्हणून खचते. आंघोळ, जेवण, कपडे, खेळ यांतच दोन गोष्टी बसवून द्या.

या विषयाचे ज्ञान आज मुबलक आहे, ते जाणणारी माणसे मात्र मोठ्या शहरांत एकवटली आहेत. धडगाव किंवा भामरागडच्या पाड्यावरचे मूल जिल्ह्याच्या केंद्रात आणायचे म्हणजे आई-बापांची दिवसाची मजुरी बुडते, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर येणे थांबते. तुमच्यातल्या ज्यांना हा अभ्यास आवडेल त्यांना माझी विनंती आहे. नोकरीची पहिली काही वर्षे तरी जिल्ह्याच्या केंद्रात काढा, आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात बसा, तिथल्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना धोक्याच्या खुणा शिकवा. पहिल्या दोन वर्षांतले मूल तिथेच तुमच्या हाती लागेल.